बारा व्होल्ट आणि पितळी ताट

कोपरी, ठाणे (पूर्व)
२७ ऑक्टोबर १९८८

प्रिय सरोज,

तुझी चिठ्ठी मिळाली. रविवारी तुला बघायला येतायत, आणि त्याआधी तुला माझ्याकडून एकच उत्तर हवंय, कॉलेजात परत येणार की नाही. तू दोनच ओळी लिहिल्यास. मला दोन ओळींत नाही जमणार गं. आधी दसऱ्याला दुकानात काय झालं ते ऐक, आणि चिडू नकोस.

गोमाजीकाकांकडे मी बॅटऱ्या चार्ज करतो हे तुला माहितीय. रिक्षांच्या, टेम्पोंच्या, खाडीतल्या होड्यांवरच्या दिव्यांच्या. दसऱ्याला त्या सगळ्या पुसून ओळीत मांडलेल्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. काकांची बायको मनुमावशी पितळी ताट घेऊन एकेकीला हळदकुंकू लावत आली. नारळ फोडायला हात मोकळे हवेत म्हणून तिने ताट ठेवलं ते थेट एका फुल चार्ज बॅटरीवर, दोन्ही टोकांना टेकवून. फाडकन ठिणगी! लाकडी दांड्याने मी ताट उडवेपर्यंत काठाला रुपयाएवढं भोक. मग माझं तोंड सुटलं. अक्कल आहे का, कळत नाही तर हात कशाला लावता, सगळं बोललो. गिऱ्हाइकांसमोर.

तिच्या जागी मी असतो तर ते ताट भिरकावून निघून गेलो असतो. ती खाली बसून सांडलेलं कुंकू गोळा करत राहिली आणि म्हणाली, "वरडतंस कनाला? मना सांग, आत्ता मी दोन्ही टोकांना हात लावला, काय नाय जाला. मग ताटच कसा जळला?"

मी तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं, की आत शिशाच्या दोन तऱ्हेच्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. ॲसिडमुळे एकीवर इलेक्ट्रॉन साठतात, दुसरीवर कमी पडतात. बाहेरून वाट मिळाली की इकडचे तिकडे धावतात, आणि कायम एकाच दिशेने. भिंतीतल्या विजेसारखे सेकंदाला पन्नासदा मागेपुढे नाहीत, म्हणून याला डीसी म्हणायचं. दोन-दोन व्होल्टचे सहा खण एकापुढे एक जोडले की झाले बारा. आपल्या अंगातून जायला तेवढा जोर पुरत नाही, पण पितळ कुठे अडवतंय? सगळा लोंढा एकदम सुटला आणि ताट वितळलं. वापरून वापरून ॲसिड पाणचट होतं, दोन्ही पट्ट्या सारख्याच होत जातात, धाव थांबते. मग आमचा चार्जर उलट्या बाजूने करंट ढकलून त्यांना पुन्हा पहिल्यासारखं करतो. सगळं ऐकून मावशी म्हणाली, "एवरा समजतं तुला, मग शाला कनाला सोरलीस?"

मी काय सांगणार होतो तिला? की प्रॅक्टिकलला मी करंट मोजायचा ॲमीटर, तोही पितळासारखा काही अडवत नाही, थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडून जाळला? म्हणजे तिच्या ताटाचीच चूक, फक्त ती शिकलेली नाही आणि मी सायन्सला होतो. "कळत नाही तर हात कशाला लावतोस?" असं केतकर सर मला म्हणाले, आणि मी दार आपटून निघालो तो कायमचाच. तेच शब्द, सरोज. मी मावशीला अगदी तेच शब्द ऐकवले.

आणि तिला जे समजावलं ते माझं कुठलं? दार आपटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तू मला डोंबिवली स्टेशनबाहेर उभं करून जर्नलच्या मागच्या पानावर हे सगळं काढून दाखवलं होतंस. मी तुला मास्तरीणबाई म्हणून चिडवलं, आभार मात्र मानले नाहीत. ते आज मानतो, मनापासून. आज माझी भाकरी त्या एका पानावर चाललीय.

काल कॉलेजात गेलेलो. सरांची माफी मागितली. ते म्हणाले, जूनमध्ये ये, पहिल्या वर्षापासून. तेव्हा उत्तर हो, येणार. पण तू पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा मी जेमतेम दुसऱ्या वर्षाला असेन, हे तुला रविवारच्या आधी कळायला हवं, म्हणून हे पत्र. त्या मुलाला नीट बघ. माझ्यासाठी नकार देऊ नकोस. द्यायचाच तर तुला नकोय म्हणून दे. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. खूप वाटेल. तरी तुमच्या दारात येऊन तमाशा करणार नाही, एवढा भरवसा ठेव. आणि जूनमध्ये वर्गात येणारच आहे, तू माझ्याशी बोललीस तरी, नाही बोललीस तरी.

रविवारनंतरही तुझाच,
उत्तम