खळ्यातलं आपलं, हातातलं त्याचं

आये, आज आमच्या सोसायटीत कुत्र्यांना शिकवायला एक मुलगी आलेली. तू म्हणशील, त्यासाठी माणूस बोलवतात? बोलवतात, हल्ली सगळ्यालाच माणूस बोलवतात. बाळकुमात जिथे आपलं घर होतं तिथून हाकेच्या अंतरावर आता अठरा मजल्यांची बिल्डिंग आहे. तिच्या सातव्या मजल्यावर मी राहते. खाली बागेत त्या मुलीभोवती दहा-बारा जण आपापली कुत्री घेऊन उभे होते. तिच्या कमरेला छोटी पिशवी. कुत्रं बसलं की पिशवीत हात, तुकडा त्याच्या तोंडात, आणि शाब्बास. सगळे असे बघत होते जसा काही चमत्कारच चाललाय. मला राहवलं नाही. म्हटलं, बाई गं, हे माझी आई करायची, आणि तिची पिशवी म्हणजे पानसुपारीची चंची होती. मग काय, मला बाकावर बसवलं आणि सांगा सांगा म्हणून मागे लागले. मी सांगितलं, चांगलं रंगवून सांगितलं. वर आले, चहा टाकला, तो कपातच निवला. आणि हा कागद घेऊन बसलेय.

तांबू आपल्याकडे आला तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. मिठाच्या हंगामात बाबा आगरावरच राहायचे, तिथून त्यांनी त्याला रिकाम्या गोणीत गुंडाळून आणलेला. मूठभर पिल्लू आणि अंगावर पिल्लापेक्षा गोचीड जास्त. तू उन्हात मांडीवर घेऊन बसलीस, करंजाचं तेल लावून एकेक गोचीड ओढून काढलास आणि राखेच्या पाण्यात टाकलास. दुपार गेली त्यात. आजा ओटीवरून बघत होता. आपल्या खळ्यावर दिवाळीपासून पुढे सुकत घातलेली मासळी असायची, ती विकायला तू टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात जायचीस, त्यावर घर चालायचं. आजा म्हणाला, "सुकी मासली राखायला कुत्रा? उद्या दुधावर बोक्याला बसवशील." तू काही बोलली नाहीस. तुझं ते काही न बोलणं मला अजून जमलेलं नाही. मी बडबडी ती बडबडीच राहिले.

गावात कुत्रं शिकवायचं म्हणजे काठी, दुसरं कुणाला ठाऊकच नव्हतं. तू वेगळंच मांडलंस. पहिले आठ दिवस खळ्यावर मासळीच नाही, नुसतं ताजं शेणानं सारवलेलं खळं आणि त्याची कड. तांबू कडेला थांबला की त्याच क्षणी चंचीतून करपलेल्या भाकरीचा तुकडा. आत पाय टाकला की ओरडा नाही, फटका नाही, तू नुसती पाठ फिरवायचीस. मग एक दिवस रिकामी चटई टाकलीस. मग मासळीचा वास लागलेली टोपली. मग मधोमध एकच बोंबील, आणि पिल्लू कडेला बसलंय, तोंडातून लाळेची तार लोंबतेय, डोळे तुझ्या चंचीवर. बोंबील त्याला मिळायचा, पण कधीतरी, आणि तुझ्या हातून, दोन पाण्यांतून खारटपणा काढलेला. "खल्यातलं आपलं, हातातलं त्याचं," तू सांगायचीस, मला की त्याला कोण जाणे. चुलीवर भात ठेवून शिकवायला बसायचीस आणि भाताला उकळी आली की शिकवणं बंद, मग तांबू कितीही नाचू दे. "कंटालल्यावर शिकवलं तर कंटालाच शिकतो." शब्द एकदाच म्हणायचा, दहादा नाही. आणि द्यायचं ते तिथल्या तिथे. "उशिरा दिलेलं त्याला कशाचं ते कलत नाय."

खाडीच्या चिखलातून आला की विहिरीच्या गोड्या पाण्यानं त्याचे पाय धुवायचीस, बोटांच्या बेचक्यातून बोट फिरवून, कारण खाऱ्या पाण्यानं पंजे फुटतात. सावलीत त्याचं मडकं, दोन वेळा बदललेलं पाणी. तो खात असताना मी हात लावायला गेले की माझाच हात धरून बाजूला करायचीस. आजा म्हणाला, "कुत्र्याचं शेपूट नलीत घाल, वाकडं ते वाकडंच." तू चुलीकडे तोंड करून म्हणालीस, "वाकडंच राहू दे, मना ते हललेलं बघायचंय." आजाला पण हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. वर्षभरात असं झालं की मासळी पसरलेली, तू बाजारात, आजा झोपलेला, आणि कावळा उतरला की तांबू कडेकडेनं धावून त्याला उठवतोय, पण खळ्यात पाऊल नाही. शेजारची काकी तिची करंदी, ती बारीक कोळंबी, आपल्या खळ्यावर आणून घालायला लागली. मग आणखी दोन घरं. तुझ्या कुत्र्याच्या भरवशावर लोक मासळी टाकून जायचे, आये, मासळी. मला तुझा असा अभिमान वाटायचा की शाळेत बाईंनापण सांगून आलेले.

आणि जळायचेपण मी. हे आज खाली सांगितलं नाही. तांबू माझ्याकडे यायचा नाही. मी हाक मारली की आधी तुझ्याकडे बघायचा. मी हाका तरी किती मारायचे, वीस वीस, आणि शेवटी शेपटी ओढायचे, मग कशाला येतोय? तू बाजारातून यायच्या आधीच तो वेशीकडे निघायचा. मी घरात दिवसभर त्याच्याबरोबर, आणि त्याला वेड तुझं. एकदा तू टोपली घेऊन ठाण्याला गेलीस, आजाचा डोळा लागला, आणि काकीची करंदी तिसऱ्या उन्हाला खळ्यावर कुरकुरीत झालेली. मी मूठ भरली. कडेच्या बाहेर आले आणि हात पुढे केला. तांबूनं माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं आणि खाल्लं. का नाही खाणार? हातातलं त्याचं. मी परत मूठ भरली. तो माझ्या मागे विहिरीपर्यंत आला, मग खाडीपर्यंत. हाक न मारता. अर्धी टोपली तरी गेली असेल. इतकी खूश मी त्या वयात दुसऱ्या कशानं झालेले मला आठवत नाही.

संध्याकाळी तो उंबऱ्याशी ओकला. तू नुकतीच आलेलीस, डोक्यावरची चुंबळसुद्धा काढली नव्हतीस. ओकारीत करंदी तशीच्या तशी दिसत होती. नेमकी काकी आपली मासळी उचलायला आलेली. तिनं आधी खळं बघितलं, मग ती ओकारी, आणि मग जे सुरू झालं ते अर्धी आळी गोळा होईपर्यंत थांबलं नाही. चोरट्या कुत्र्या-मांजरांचं गावात काय करतात ते सगळ्यांना माहीत होतं. होडीत घालायचं, खाडीपल्याड खारफुटीत सोडायचं आणि मागे न बघता वल्हं मारायचं. पल्याड सोडलेलं परत आलेलं कुणी बघितलं नव्हतं. आजा म्हणाला, "उद्या दुपारच्या भरतीला होडी काढतो." तू खाली बसलीस, पदराच्या टोकानं तांबूचं तोंड पुसलंस, आणि बराच वेळ त्या ओकारीकडे बघत राहिलीस.

"खाल्लीय त्यानं," तू म्हणालीस. "पन घेतली नाय."

"मंग काय करंदी चालत गेली व्हय त्याच्या तोंडात?" काकी म्हणाली. लोक हसले. तू हसली नाहीस. तू एवढंच म्हणालीस की होडी काढा, पण आधी बघा. मग रात्री त्याला नुसती पेज दिलीस, आणि माझ्या पांघरुणाशेजारी तो कुथत पडलेला असताना मी झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी त्याला काही दिलं नाहीस. खळ्यावर घरातले सगळ्यात चांगले बोंबील पसरलेस आणि सगळ्यांना आत घेतलंस, आजा, काकी, दोन शेजारणी आणि मी. कुडाच्या फटींना डोळे लावून आम्ही उभे. तू चुलीवर भात ठेवलास आणि म्हणालीस, भात उतरेपर्यंत. उकळीपर्यंत नाही, उतरेपर्यंत. तेवढा वेळ तू त्याला कधीच दिलेला नव्हतास. तांबू खळ्याभोवती फिरतोय. पोट आत गेलेलं, नाक जमिनीला. एकदा एक पंजा उचलतो, कडेवर धरतो. काकी माझ्या कानाशी श्वास सोडते. आता एक गोष्ट लिहूनच टाकते, आये. त्या फटीतून बघताना मला एक क्षण वाटलेलं, जाऊ दे ना याला आत. तो आत गेला असता तर तोच चोर ठरला असता आणि मी सुटले असते. मग त्यानं पंजा मागे घेतला. कडेला नाक टेकून पडून राहिला, लाळेनं पुढची माती ओली. तू भात उतरवलास आणि दार उघडलंस.

तो उठला आणि तुझ्याकडे आला नाही. माझ्याकडे आला. सगळ्यांमधून वाट काढून, शेपटी हलवत, आणि माझा उजवा तळहात हुंगायला लागला. ज्यासाठी मी एवढं केलं ते झालं, आणि झालं कधी तर तेव्हा. तू बघितलंस. हाताकडे बघितलंस, मग माझ्या तोंडाकडे. काकीची पाठ होती, ती बोंबील मोजल्यासारखे बघत होती. आजानं विचारलं, "मंग दिली कुनी?" मी हात पाठीमागे घेतला. तू चंचीतून तुकडा काढलास, तांबूला दिलास, आणि म्हणालीस, "मीच. बाजाराला जायच्या घाईत. आपलीच करंदी समजून."

आळीत तोंडावर कुणी काही बोललं नाही, एवढा तुझा मान होता. पण काकी त्या दिवसापासून आपली करंदी आपल्याच दारात सुकवायला लागली, आणि त्या दोन घरांनीपण मासळी उचलून नेली. कुत्र्याला कळतं, हिलाच कळत नाही, असं पाणवठ्यावर मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू तुझ्या वाटणीचे बोंबील काकीच्या टोपलीत ओतून आलीस. आजानं होडीचं नाव परत काढलं नाही. दुसऱ्या दिवशी तू मला बोलावलंस, कमरेची चंची सोडलीस आणि माझ्या कमरेला दोन वेढे देऊन बांधलीस. "आजपासून तू शिकव. पन भाकरी. मासली नाय." एवढंच. मी वाट बघत होते रागावशील म्हणून, दिवसभर वाट बघितली, आणि तू चुलीपुढून नुसतं ओरडायचीस, "उकली आली गं!" म्हणजे आता बास. महिना लागला. एकदा मी विहिरीवरून एकच हाक मारली आणि तांबू कान उडवत धावत आला, तेव्हा तू टोपल्या धूत होतीस. मान वर केली नाहीस, पण धुवायची थांबलेलीस.

पुढे मी शाळेत शिकवायला लागले, तीस वर्षं शिकवलं, आणि पोरांवर कधी पट्टी उचलली नाही. बाकीचे मास्तर हसायचे. ते तुझं. शेवटच्या आजारपणात तू तांबूची आठवण काढलीस. म्हणालीस, "नंतर तुझ्याकडं यायला लागला ना तो." आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला कळलं होतं तू कशासाठी थांबलीयस. मी उठून तुझ्यासाठी पाणी आणलं.

आता आजचं सांगते. खाली बागेत मी तुझी गोष्ट सांगितली ती अशी: माझी आई कुत्र्याला कधी मारायची नाही, आणि तिच्या हातून आयुष्यात एकदाच चूक झाली, घाईत तिनं शेजारणीची करंदी कुत्र्याला घातली, पण आख्ख्या आळीसमोर कबूल केलं. ती मुलगी म्हणाली, किती प्रामाणिक होत्या ना तुमच्या आई. मी म्हटलं, होत्याच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आये, हे मी पहिल्यांदा केलेलं नाही. माझ्या पोरांना अशीच सांगितलीय, नातवंडांना अशीच, वर्गात तर दरवर्षी. तुझी चूक म्हणून सांगितली की गोष्ट छान वठते. तू माझ्यासाठी एकदा खोटं बोललीस, तेच मी साठ वर्षं तुझ्या नावावर खपवतेय, वर तुझं कौतुक करून.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. ती मुलगी रविवारी परत येणार आहे, तेच लोक असतील, तोच बाक असेल. तिथे मी बोलेन असं मला आत्ता वाटत नाही. करंदी मी दिलेली. हे आज पहिल्यांदा सांगितलं, आणि सांगितलं कुणाला, तर जिला त्या सकाळपासून माहीत होतं तिलाच.