नांदगाव पेठेचं स्थळ

राजापेठ, अमरावती
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आत्यास,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

उभी हयात पोस्टात काढलेल्या बाईला मेसेज पाठवला तर तू रागावतेस, म्हणून हे पत्र.

माझं काम तू नेहमी विचारतेस. कपड्याची कंपनी मजुरांना नीट वागवते का, पाणी-माती नासवत नाही ना, हे तपासायचं. पास झाली की तिच्या कपड्यांवर आमच्या हिरव्या पानाचा शिक्का. सध्या नांदगाव पेठेतल्या ‘मातीमाय’ कंपनीचं चाललंय. मालक भगवंतराव. दोनदा जाऊन आले. सगळं इतकं चकाचक की लग्नघर वाटावं. बायका एका सुरात सांगतात की आठच तास काम, रविवारी सुटी.

त्या बायकांत आपली रजियाबी होती. बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमागे राहते, लहानपणी मला अंगाखांद्यावर खेळवलं, ती. तीही तेच बोलली, पण माझ्याकडे न पाहता. तिने खरं सांगावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ती घरी बसेल. आणि महिनाअखेर सही कर म्हणून आमचे नितेशसर पाठीमागे लागलेत. खोट्यावर माझं नाव जाणार, या विचाराने जेवण गोड लागत नाही.

सीमाताईच्या लग्नाआधी तू मुलाच्या न्हाव्यापर्यंत जाऊन चौकशी केली होतीस. तुझ्यासारखं मला कुठे जमतं!

गुडघ्यांना तेल लावत जा.
तुझी,
प्रणाली

---

अकोला
१७ जानेवारी २०२५

चि. प्रणालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला जमत नाही म्हणून मीच जाऊन आले. ओरडू नकोस, पुढे वाच.

मला चौकशीची एकच रीत येते. पानटपरीवर विचारलं, घर कसं आहे, माणसांना कसं वागवतात, कोणी रडत गेलं का, सांडपाणी कुठे सोडतात. मी कंपनीबद्दलच विचारत होते. पण अकोल्याची बाई एवढं खोदून विचारते म्हटल्यावर लोकांना एकच सुचलं. घटकाभरात गाडी आली आणि मला भगवंतरावांच्या बैठकीत नेऊन बसवलं. पुढ्यात पोहे, समोर त्यांचा कुलदीप, भांग पाडलेला.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पोहे चांगले होते.

मग भगवंतराव सुटले. म्हणाले, आमची मशीन रातदिस चालून राहिली, इतवार पाळाले आमी का सरकारी हापीस हाओ? बायकांची बिशाद नाही वर मान करून बोलायची. आणि काटकसर म्हणाल तर रंगाचं पाणी साफ करायची टाकी आहे, पण तिला तळच बांधला नाही. तपासणीच्या दिवशी टँकरने भरायची, मग ते पाणी आपोआप जमिनीत जातं; रंगाचं एरवी मागच्या नाल्यात. अशा घरात सुनेले काय कमी पडन, असं वर विचारलं.

बघ, तपासणीवाले आले की माणूस सभ्यपणा दाखवतो आणि मुलीकडचे आले की ऐपत. मुलगी काय करते विचारलं तेव्हा मी तुझं नाव आणि काम सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि आणखी पोहे मागवले.

तुझी हितचिंतक,
सत्यभामाआत्या

---

राजापेठ, अमरावती
२७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (नमस्कार रागातला आहे.)

शेवटच्या तपासणीला गेले तर गेटवर माझं औक्षण! हातात फाईल, कपाळावर कुंकू, अशी मी आत गेले. मी भगवंतरावांना स्पष्ट सांगितलं की मी कंपनीच्या कामाने आले आहे. ते हसून म्हणाले की बरोबर आहे पोरी, आपलं घर पाहूनच घ्यावं, तुह्यापासून काय लपवाचं? आणि दोन्ही वेळा कुलूप लावलेलं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं.

मागे नाला. त्यावर पाणी पिऊन आलेल्या बकऱ्यांची तोंडं निळी. टाकीत वाकून पाहिलं तर खाली माती आणि एक मांजर. रविवारच्या हजेऱ्या कुलदीपने कौतुकाने मोबाईलवर दाखवल्या. आमच्यात झालेलं संभाषण तेवढंच.

मी ‘नापास’ लिहिलं. एकाही बाईचं नाव घ्यावं लागलं नाही, सगळं मालकाच्या तोंडचं. नितेशसर म्हणाले, ‘सुधारणेस वाव’ असं लिहून टाक. मी बदललं नाही. तेव्हा त्यांनी पुढचं कळेपर्यंत मला घरी बसायला सांगितलंय. भीती वाटते गं. पण जेवण गोड लागतंय.

तू आजच्या आज नकार कळव.

तुझी (तूर्तास बेकार),
प्रणाली

---

अमरावती
१२ फेब्रुवारी २०२५

श्रीमती सत्यभामाबाई यांस,
स. न. वि. वि.

आपल्या भाचीने आमचा माल नापास केला, त्याचं दुःख नाही. माल कुठेही खपेल. पण मुलीने घर पाहून सासर नापास केलं, अशी बातमी बडनेऱ्यापर्यंत गेली. ठरत आलेली दोन स्थळं परस्पर फिरली. आमचा कुलदीप निर्व्यसनी असून आता कोणी पत्रिकासुद्धा मागत नाही. आजकाल मुली मिळणं किती कठीण, आपण जाणताच.

तरी विनंती की, टाकीला तळ बांधायला घेतला आहे. सगळ्या बायकांना रविवारची सुटी लागू केली आहे. मानपानात आणखी काही कमी असल्यास निःसंकोच कळवावे, पण नकार देऊ नये.

आपला कृपाभिलाषी,
भगवंतराव

---

अकोला
२० फेब्रुवारी २०२५

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद.

सोबत भगवंतरावांचं पत्र धाडते. फ्रेम करून लाव. तुझ्या शिक्क्याला न भ्यालेला माणूस तुझ्या नकाराला भ्याला.

नकार मी कळवलेला नाही. ‘पत्रिका पाहून कळवतो’ असं कळवलंय. हे खोटं नव्हे, रीत आहे. आमच्या गुरुजींना सांगितलंय की सावकाश पाहा. टाकीचं सिमेंट वाळू दे, मग काय ते कर.

सत्यभामाआत्या

---

राजापेठ, अमरावती
२४ मार्च २०२५

ती. आत्यास,
प्रेमपूर्वक शि. सा. न. वि. वि.

सिमेंट वाळलं. मी जाऊन पाणी भरून पाहिलं, थांबतं. मग मात्र माझ्याने राहवेना. रजियाबी म्हणाली होती, बेटी, घाई करू नको, भिजू दे घोंगडं, तुह्यापायी आमाले इतवार भेटून राहिला. पण आत्या, माझ्या सहीपेक्षा माझी पत्रिका जड, याची लाज वाटत होती. आणि तो कुलदीप बिचारा किती दिवस भांग पाडून बसणार? गेल्या आठवड्यात मीच त्यांना सांगितलं की हे लग्न होणार नाही, कधीच होणार नव्हतं. भगवंतरावांनी लगेच रविवारची सुटी बंद केली. मी रडत घरी आले.

काल रविवार. भोंगा वाजला आणि कोणीच गेलं नाही. भगवंतरावांनी रजियाबीला फोन केला. ती म्हणाली, मालक, सुटी तुमीच देली ना, मले झोपू द्या. ऑर्डर अडलेली, म्हणून बापलेक स्वतः बटणं लावत बसले आणि कुलदीपने आपली बाही शर्टालाच शिवली. आज सकाळी बायकांना गेटबाहेर ताटकळत ठेवलं, शेवटी मुकाट उघडलं.

काल दुपारी मी बडनेऱ्याला गेले होते. दारात तिची लेक उज्मा तोंडावर बोट ठेवून उभी. आत रजियाबी भर दुपारी पंख्याखाली पसरून घोरत होती. आत्या, इतक्या वर्षांत मी तिला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी तशीच परत आले.

नितेशसरांनी ‘मातीमाय’च्याच फेरतपासणीला बोलावलंय. जाते. तुझा लोभ आहेच, या वेळी तो अकोल्यात बसूनच करावा.

तुझी,
प्रणाली