कणगीत सापडलेला बोल्ट

मी, सगुणा दिनानाथ शेडगे, वय बहात्तर, राहणार काशीदजवळ, तालुका मुरुड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शरीर मात्र थकले, आणि सांगून सांगून जीभही.

१. राहते घर व पर्यटकांना भाड्याने देतो त्या मागच्या खोल्या मुलगा परेश याला. अट एकच. आलेल्या पाहुण्यांना "आमच्याकडे शिवकाळातल्या बंदुकीचा तुकडा होता" असे सांगणे त्याने बंद करावे.

२. भातशेती परेश व मुलगी राही यांना सारखी. पोस्टातली ठेव आणि बांगड्या एकट्या राहीला. परेशने तोंड वाकडे करू नये. मला पुण्याला तीच घेऊन गेली.

३. आता त्या लोखंडाविषयी. माझे सासरे धर्माजी महायुद्धात इटलीला लढायला गेले होते. परत आले ते गप्पच. ना बिल्ला, ना पेन्शन. ते गेल्यावर भाताची कणगी रिकामी करताना तळाशी तेलकट फडक्यात रायफलीचा बोल्ट निघाला, म्हणजे गोळी आत ढकलून बंद करणारा वीतभर दांडा. माझे यजमान म्हणाले, "बाबांनी शत्रूची हिसकावली." धाकटे दीर सदाभाऊजी अकराव्याला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "कसली हिसकावतो! आपलीच मोडून पळून आला आसंल." त्या दिवशी भावाभावांचे बोलणे तुटले. पुढच्या उन्हाळ्यात अंगणात कुंपण पडले.

यजमान तो बोल्ट पिशवीत घालून ज्याला त्याला दाखवत फिरले. कोणी इंग्रजी म्हणाले, कोणी जर्मन. हे वारले तेव्हाही भाऊजी कुंपणापलीकडेच उभे राहिले. सख्ख्या भावाला खांदा दिला नाही. ते मी विसरलेली नाही.

यंदा राहीने पुण्यात सैन्यातले एक निवृत्त शस्त्रतज्ज्ञ शोधले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले. म्हणाले, "घाट इटालियन वाटतो. पण मूठ दुसऱ्याच घडणीची आहे आणि शिक्के घासलेत. कुठला ते छातीठोक सांगणार नाही. एवढं खरं, की बोल्ट काढला की रायफल म्हणजे नुसती काठी."

मी विचारले, "मग मामंजींनी तो कोणाच्या रायफलीचा काढला?"

"शरण आलेल्या शत्रूच्या असेल. हाती लागलेली परकी रायफल ते स्वतः वापरत असतील, तर स्वतःच्याही. लोखंड तेवढं बोलत नाही, आई."

घरी आल्यावर मी कुंपणाशी जाऊन भाऊजींना हाक मारली, सगळे सांगितले.

"म्हंजे बाबा पळाला व्हता का न्हाय, वहिनी?"

"ठाऊक न्हाय. त्या सायबालाबी ठाऊक न्हाय."

"मग आमी इतकी वर्सं भांडलो कशापायी?"

मी आत जाऊन चहा ठेवला. कुंपणाला वळसा घालून ते आले, ओट्यावर बसले आणि रडले.

परवान्याशिवाय असली वस्तू घरात ठेवता येत नाही, म्हणून बोल्ट मी पोलीस ठाण्यात जमा केला आहे. पुढेमागे तो एखाद्या संग्रहालयात गेला, तर पाटीवर "मूळ अनिश्चित" एवढेच लिहावे. मामंजींना शूर करू नये, पळपुटाही करू नये. त्या रायफलीने त्यापुढे कोणी मेले नाही, एवढे मला पुरते.

४. कुंपण परेशने माझ्या दिवसकार्याआधी काढावे. मांडवाला जागा लागेल.

५. सदाभाऊजींच्या नावे यात काही ठेवलेले नाही, म्हणूनच त्यांची साक्ष चालते. माझ्या तिरडीला त्यांनी खांदा द्यावा. गुडघे दुखत असतील तर नुसता हात लावावा, पण घरापासून स्मशानापर्यंत सोबत चालावे. परेशने सावकाश चालावे.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून सही केली.

सगुणा दिनानाथ शेडगे

साक्षीदार:
१. सदाशिव धर्माजी शेडगे
२. डॉ. मृणाली दळवी

ठिकाण: मुरुड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५