काचिंगवे सरांची बातमी

१० फेब्रुवारी, सोमवार
मिनीबसमध्ये शेजारच्या बाईने मांडीवर आमचाच पेपर उघडला. वाटलं, वाचतेय. तिने त्यात मंदाझी, तळलेले गोड वडे, गुंडाळले. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, शाई पोटात गेली तर चालते पोरी, बातमी जाऊ नये.

चार वर्षांची पत्रकारितेची पदवी! त्यासाठी आई लिंबे शहराच्या बाजारात उन्हात बसून वाळकी मासळी विकत राहिली. थोको शाळेत माझ्याच वर्गातली, शिवणकाम शिकली. तिच्या दारात लोक कापड घेऊन उभे असतात. माझ्या दारात आलेच तर शिव्या द्यायला येतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पहिल्या पानावर माझं नाव. 'दुष्काळाचा मका मुख्याध्यापकाच्या घशात.'

चिम्वाला गावचे काचिंगवे सर. वाटपाचा मका शाळेत ठेवला होता, त्यातली तीस पोती गेली, आणि किल्ली सरांकडे. जिल्हा कचेरीच्या कागदात एवढंच होतं. संपादक म्बेवे म्हणाले, कागद तर शिपाईही छापेल. गावातला एक आवाज आण, चारच्या आत.

आणला. आज पाठ थोपटली मेल्याने.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
गावाने सरांच्या घरावर दगड टाकले. शाळेतून काढलं त्यांना. जाऊन बघते म्हटलं, तर म्बेवे म्हणतात बातमी जुनी झाली. परवाची बातमी!

१७ फेब्रुवारी, सोमवार
सुट्टी टाकून चिम्वालाला गेले. सरांची बायको, माई काचिंगवे, पडवीत भोपळ्याची पानं निवडत होत्या. चटई पसरली नाही. बस म्हणाल्या नाहीत.

पोती गेली त्या आठवड्यात सर गावातच नव्हते. माईंच्या ऑपरेशनसाठी ब्लँटायरच्या दवाखान्यात होते. किल्ली कचेरीचा माणूस आधीच मागून घेऊन गेला होता. एका फोनने कळलं असतं. मी तो केला नाही.

माईंनी कात्रण जपून ठेवलंय. त्यावर बोट ठेवून विचारलं, "सरांना सायकलवर पोती लादताना बघितलं म्हणणारी ही शेजारीण कोण? मी घरोघर विचारलं. जी ती शपथ घेते, मी नव्हे. आता मी कुणाच्या घरचं पाणी पीत नाही."

सांगणाऱ्याचं नाव आम्ही फोडत नाही, म्हटलं. हे वाक्य कॉलेजात शिकवतात. तोंडातून किती सफाईने निघालं!

सर आत होते. बाहेर आले नाहीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
शेजारीण नाहीच. कधी नव्हती. चार वाजायला वीस मिनिटं होती, तेव्हा मी ती टाइप केली. सायकलसुद्धा.

२० फेब्रुवारी, गुरुवार
म्बेवेंना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, नंतर हसले. सतराव्या पानावर दोन ओळींचा खुलासा देऊ म्हणाले. शेजारणीचं मात्र कुठे बोलू नकोस, सगळेच करतात.

सगळेच करतात! या एका वाक्यावर हा अख्खा धंदा उभा आहे, आणि मी त्याची पदवी घेतली आहे. राजीनामा टेबलावर ठेवला. आईला सांगितलं. ती वाळत घातलेली मासळी पालटत राहिली, वर बघितलंच नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार
चिम्वालाच्या गावप्रमुखाकडे बोलायची परवानगी मागितली. आंब्याखाली सभा. गुडघे टेकून सगळं सांगितलं — कागद, चारची वेळ, शेजारीण.

आधी हशा झाला. मागून एक बाप्या ओरडला, "आणि आजचं हे तरी खरं कशावरून?"



सर उठले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते — ज्या माणसाला मी चोर केलं, त्याला! हळू आवाजात म्हणाले, "परत सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

परत सांगितलं. ते म्हणाले, अजून एकदा. तिसऱ्यांदा सांगताना हसायला कोणी उरलं नव्हतं. सर घरी निघून गेले. माफी वगैरे काही नाही. एक म्हातारी जाताजाता माझ्यासमोर थुंकली. बरंच केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दारात एक बाई. चर्चला जायचे कपडे, पाय धुळीने भरलेले. नाव एस्नाती चिउला. सरांच्या घराला लागूनच घर तिचं. बाजारात विचारत विचारत आली.

पोती जाताना हिने बघितलीत. भरदुपारी, कचेरीच्याच लॉरीत. लॉरीचा नंबरही पाठ आहे. इतके दिवस गप्प का, विचारलं.

"कुणाला सांगू? तुला? काल तू सगळ्या गावासमोर स्वतःला खोटारडी म्हणालीस. म्हणून आले."

माझ्याकडे आता पेपर नाही, बाई, म्हटलं.

"कागद आहे ना? मग लिही. आणि नाव घाल माझं. पूर्ण."