दुकान वाढवायचं का?

अप्पा, तुम्ही मला बीडहून घरी न्यायला आलात, त्या दिवसाविषयी लिहिते आहे. मी जिच्याकडे राहत होते त्या आत्याने गावी, युसूफ वडगावला, निरोप धाडला होता की पोरगी कॉम्प्युटरच्या नावाखाली क्लासात खेळ खेळत बसती. निरोप खोटा नव्हता. बारावी झाली होती, स्थळं यायला लागली होती, आणि एकदा त्या क्लासातून उठले की परत तिथं बसायला मिळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. एसटीडी बूथच्या वरची ती खोली, चपला बाहेर काढायचा नियम, कॉम्प्युटरवर शालीसारखं पांघरलेलं कापड. तुम्ही दारात उभे आहात, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात धोतराचा सोगा, आणि माझ्या पडद्यावर नेमका तोच खेळ चालू. सर चहाला खाली गेलेले. घाबरून मला बंद करायचं बटणही सापडेना.

"हे काय शिकवायलेत?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "आपल्यासारखं दुकान हाय, अप्पा." आणि ते खरंच होतं. त्या खेळात एक पोरगा दुकान चालवतो. माल संपला की गावाखालच्या भुयारात उतरतो, राक्षसांशी मारामारी करतो आणि तिथल्या तलवारी, ढाली, औषधाच्या बाटल्या वर आणून विकतो. एवढं सांगून मी वही गोळा करायला लागले. तुम्ही मात्र स्टूल पुढे ओढलंत. "माल भुयारातून भरतो? तिथं राक्षस असतेत?" "हो, अप्पा." "आडतीवर माल भरायला गेलं की तिथं बी असतेतच," म्हणालात, आणि स्टुलावर मांडी जमेना म्हणून एक पाय वर घेऊन बसलात.

तेवढ्यात पडद्यावर एक म्हातारा आला. त्याला तलवार हवी होती आणि तो फार पाडून मागत होता. मी नाही म्हणायला बटण दाबणार, तर तुम्ही माझा हात धरलात. "येडी का खुळी? पहिलं गिऱ्हाईक हाय. भवानी व्हायचीय अजून, परत लावू नको!" दिली मी तलवार, तोट्यात दिली. तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या चित्राला पाहून समाधानाने मान हलवलीत. मग दुसरा आला, नुसतंच सामान उलटंपालटं करत राहिला, तर त्याला तुम्ही म्हणालात, "घ्यायचं तर घे, न्हाई तर बस की बे जरा बाजूला!" क्लासातली पोरं तोंड दाबून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण डोळा दाराकडे होता. सर आले की तुम्ही उठणार आणि मला उठवणार.

आणि मग इंग्रजीत एक पाटी आली. मी वाचून सांगितलं, "अप्पा, इचारायलंय, दुकान वाढवायचं का?" तुम्ही म्हणालात, "आत्ता? गिऱ्हाईक उभं हाय की!" मी नको म्हटलं. भुयारात जाऊन आलो, माल ठेवायला जागा उरली नाही, पुन्हा तीच पाटी, पुन्हा तुमचं नको. ढाली जमिनीवर पडल्या, गिऱ्हाइकं दाटीवाटीने उभी राहिली, आणि पुन्हा पाटी आली तेव्हा तुम्ही भडकलात. "कावून सारखं तेच इचारायलंय? भर दिवसा दुकान वाढवायला आपलं काय वाटोळं झालंय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घरात दुकान कधी 'बंद' व्हायचं नाही. तो शब्दच अशुभ. दिवेलागणीनंतर फळ्या लावून तुम्ही ते वाढवायचात, नारळ वाढवतात तसं. "अप्पा, तसं वाढवणं न्हाई! मोठं करायचं का, म्हणायलंय!" तुम्ही असे हसलात, असे हसलात की डोळे पुसता पुसता विभूती कानापर्यंत गेली. "मंग मोठं म्हण की, माय!" बटण तुम्ही स्वतः दाबलंत. पडद्यावरची भिंत सरकली, नवी फळी आली, आणि तुम्ही टाळी वाजवलीत.

सर आले तेव्हा आपण दोघं पुन्हा भुयारात होतो. त्यांचा चेहरा पांढराफटक. तुम्ही हात जोडून विचारलंत, "सर, हे कोण बनवतंय?" ते चाचरत म्हणाले, बाहेरच्या देशातली पोरं, कॉम्प्युटर शिकून. "मंग हिला बी शिकवा. त्या लेकरांना भवानी म्हाईत न्हाई." संध्याकाळी आत्याने विचारलं, पोरीला कावून न्हेत न्हाई? "तिथं लई काम पडलंय," म्हणालात आणि एकटेच स्टँडकडे गेलात. पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही.

तुम्ही गेलात, आता हे पत्र पेटीत टाकण्यासारखं नाही, ते माझ्यापाशीच राहील. पण एक सांगते. माझ्या शिक्षणाचं कुणी विचारलं की मी तुमच्या दूरदृष्टीविषयी बोलते. लोक माना डोलावतात. खरं तर तुम्हाला तो खेळ आवडला होता, अप्पा. बस्, एवढंच होतं. आणि मला त्याचा किती आनंद होतो, हे मी कुणालाच सांगत नाही.