अजून नाही

२ जून, अल मजाज, शारजा

आज ‘यट’ या एका इंग्रजी शब्दाने डोकं खाल्लं! ऑनलाइन वर्गातल्या माझ्या सगळ्या बायका इंडोनेशियाच्या, इथल्या घरांत नाहीतर हॉटेलांत कामाला. विचारलं, लग्न झालंय? शहनाझ म्हणाली, ‘नॉट यट.’ बाई पन्नाशीची! बरं, विमान चालवता येतं? ‘नॉट यट, टीचर.’

हसून हसून पुरेवाट. म्हटलं, अगं, पुढे होणार असेल तरच ‘नॉट यट’. नसेल तर सरळ ‘नो’ म्हणा!

३ जून

शहनाझने आज मलाच शिकवलं. त्यांच्याकडे ‘बलुम’ म्हणतात – अजून नाही. लग्न, मूलबाळ असलं काही विचारलं की तोंडावर ‘नाही’ म्हणणं उद्धट वाटतं. म्हणून होणार नसलं तरी बलुम. मग समोरच्याला कळतं? ‘ऑलवेज, टीचर.’

८ जून

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या संस्थेने नोकरी देऊ केली! इतके दिवस फुकट शिकवत होते. आता पगार, टेबल, माझ्या नावाचं कार्ड! पण मी नवऱ्याच्या व्हिसावर. त्याची एनओसी हवी. म्हणजे चारुदत्तची एक सही, महिनाअखेरपर्यंत.

९ जून

‘केलीस सही?’ ‘अजून नाही गं. दिवसभर मीटिंग्ज.’

१५ जून

‘अजून नाही. अवनी शाळेतून येते तेव्हा घरी कोण असणार? बघू ना. इन्शाल्ला, नेक्स्ट वीक.’

लेक स्वतःच म्हणाली, ‘बाबा, आय हॅव अ की! आय ॲम ट्वेल्व्ह!’ त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

२४ जून

अजून नाही.

३० जून

संस्थेच्या ऑफिसातल्या पर्लचा फोन. ‘सॉरी गं विभावरी, आज लास्ट डे होता. त्यांनी दुसरी घेतली. खलास.’

खिडकीशी उभी राहिले. खाली तळ्यात बोटी फिरत होत्या. या खिडक्या उघडत नाहीत. दिवसभर एसीची तीच हवा आत घ्यायची, तीच बाहेर सोडायची. खूप रडले.

आणि मग चीड आली, स्वतःचीच. चारुदत्त एकदाही ‘नाही’ म्हणाला नाही. आवाज चढवला नाही, वाईटपणा घेतला नाही. शहनाझला पहिल्याच दिवशी कळलं असतं. मला मराठीतून सांगूनही कळू नये? आणि मी म्हणे शिकवते!

५ जुलै

दरवर्षीसारख्या मी आणि अवनी सुट्टीला पुण्याला निघालो. विमानतळावर तो प्रेमाने म्हणाला, ‘परतीची तिकिटं लगेच काढून टाक हं. मग फार महागतात.’

मी मान हलवली.

१९ ऑगस्ट, पुणे

चारुदत्तचा फोन. ‘अगं, सोमवारी शाळा उघडत्येय. तिकिटं काढलीस?’

आतल्या खोलीत अवनी आरशासमोर इथल्या शाळेचा नवा युनिफॉर्म घालून बघत होती.

‘अजून नाही,’ मी म्हटलं. अगदी गोड आवाजात.