नव्वद टक्के दुसऱ्याचं

४ जानेवारी
झालं! डिप्लोमा नसेल तर लिफ्टच्या मशीनला हात लावायचा नाही. साहेबांनी कागदच हातात दिला. या हॉस्पिटलच्या चारही लिफ्ट सव्वीस वर्षं मीच सांभाळतोय. आता म्हणे विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स करा. मेअखेरपर्यंत. नाहीतर स्टोअरमध्ये बदली.

१९ जानेवारी
पहिली असाइनमेंट. एक ओळ टाइप करायला अर्धा तास! शेवटी सून म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते." मग सांगत सुटलो — ब्रेक घसरायला लागला की आधी आवाज बदलतो, मग लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते, तक्रारी येतात त्या त्यानंतर. पुस्तकात यातलं काही नाही. ती मन लावून ऐकत होती. माझं काम असं घरात कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

२ मार्च
सत्त्याऐंशी मार्क! हिने दोनदा विचारलं, "शंभरातले ना?"

११ एप्रिल
मोठा प्रोजेक्ट गेला एकदाचा. सहा रविवार लागले.

२३ एप्रिल
विद्यापीठाची मेल. माझा प्रोजेक्ट दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टशी नव्वद टक्के जुळतो. त्याने तीन दिवस आधी दिलाय. म्हणजे चोर मी!
सून पांढरीफटक पडली. "सिस्टिमची चूक असेल, बाबा."

३० एप्रिल
चौकशी. स्क्रीनवर तीन चेहरे. मधल्या बाईंनी विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?" म्हटलं, सांगितलं मी, टाइप सुनेने केलं. तिघांनीही माना खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. मी म्हणतोय — विचारा ना, लिफ्टचं काहीही विचारा! बाई म्हणाल्या, "काका, तुम्हाला काय येतं हा प्रश्नच नाहीये." बारा मिनिटांत संपलं.
मुलगा म्हणाला, निकाल विरोधात गेला तर अपील करू. सून म्हणाली, "राहू दे रे, बाबांना अजून मनस्ताप कशाला?" किती जपते पोर!

८ मे
निकाल रद्द. दोन वर्षं प्रवेश बंद.

१ जून
स्टोअर. बल्ब, खिळे, फिनेल. सगळे येता-जाता बघतात. एक वॉर्डबॉय म्हणाला, "काका, या वयात कॉपी?" हसून म्हणाला. मीही हसलो.

२ जून
लिहिण्यासारखं काही नाही.

१६ जून
माझ्या जागेवर नवीन माणूस आला. सुनेचा भाऊ!
स्टोअरचं दार लोटून घेतलं आणि खाली बघत उभा राहिला. "काका, मीही तोच कोर्स केला. ताईने तुमचा प्रोजेक्ट मला दिला. थोडा बदलून टाक म्हणाली होती, मी जवळजवळ तसाच टाकला... मला ब्रेक उघडता येत नाही हो."
दुपारी त्याला ब्रेक उघडायला शिकवलं. काय करणार — लिफ्टमधून पेशंट जातात.
घरी आलो. सून म्हणाली, "बाबा, चहा टाकू?"
टाक म्हटलं.